भाकड कंपनीचे शंभर शेअर

माझ्या सासूबाईंना, म्हणजे वडनेर भोलजीच्या झुंबरबाईंना, स्वतःचं नाव लिहिता येतं. त्यापुढचं लिहिणं त्यांना येत नाही आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलेलं नाही. मी नागपूरचा बी.कॉम. आहे आणि मलकापूरच्या एका हायस्कुलात बुककीपिंग शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी विचारायला नको की एवढा शिकलेला जावई असताना बाईला असं का करावं लागलं.

चौसष्ट सालच्या संक्रांतीचा आठवडा. बायको सत्यभामा माहेरी गेली होती, तिला आणायला मी गुरुवारी वडनेरला गेलो. दुपारी तिळाच्या पोळ्या झाल्या, वर तुपाची वाटी झाली. मी पाटावरून उठतो न उठतो तोच सासूबाईंनी ट्रंकेतून एक कापडात बांधलेलं पुडकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"जवाईबापू, याची किंमत काढून द्या," त्या म्हणाल्या.

पुडक्यात नांदुऱ्याच्या पूर्णाकाठ जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी लिमिटेडचे शंभर शेअर होते, दहा-दहा रुपयांचे. ही कंपनी शेचाळीस साली निघाली. पहिल्या हंगामात तिच्याकडे रोख कमी होती, म्हणून तिने कापूस घालणाऱ्या शेतकऱ्यांना थोडे पैसे दिले आणि थोडे शेअर दिले. ज्यांनी ते घेतले त्यांना गावाने वेड्यात काढलं. माझे सासरे पुंजाजी त्या वेड्यांत पहिले. सासरे जाऊन आता चार वर्षं झाली होती. शेत दिरांबरोबर सामाईक होतं, त्यातलं धान्य येई. पण सासूबाईंच्या एकटीच्या नावावर म्हणावं असं या जगात दोनच गोष्टी होत्या, त्यांच्या तीन म्हशी आणि हे पुडकं.

या शेअरांशी माझी जुनी ओळख होती, आणि ती फारशी भूषणावह नव्हती. एकोणसाठ साली माझ्या लग्नात मी रीतीप्रमाणे रुसलो. मला मनगटी घड्याळ हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत पंक्तीला बसायचं नाही असं माझ्या मामांनी मला शिकवून ठेवलं होतं. सासऱ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, घड्याळ नाही जमत, पण कंपनीचे पन्नास शेअर तुमच्या नावावर करून देतो. मी तेव्हा नुकता बी.कॉम. झालो होतो. मी म्हणालो, "कागद काय मनगटावर बांधू?" मांडव हसला. दोन दिवसांनी घड्याळ आलं, स्विस, एकशे पासष्ट रुपयांचं. ते कुठून आलं हे मी विचारलं नाही. रुसलेल्या जावयाने असलं काही विचारायचं नसतं.

आता त्या पुडक्याला गिऱ्हाईक आलं होतं. कंपनीचे एक डायरेक्टर अर्जुनराव, दीडशे एकरांचे धनी, मागच्या आठवड्यात स्वतःच्या जीपमधून दारात उतरले होते. शेअरला आठ रुपये देतो म्हणाले, सगळे शंभर घेतो म्हणाले, आणि येत्या सोमवारी पैसे आणि शेअर नावावर करण्याचा फॉर्म घेऊन येतो असं सांगून गेले होते. आठशे रुपये.

त्या आठशे रुपयांवर घरात दोन मतं होती. बायकोची धाकटी बहीण पुष्पा मागच्या जूनमध्ये मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली होती. तिला अमरावतीला सायन्सला जायचं होतं. तिथे होस्टेल, फी, पुस्तकं धरून वर्षाला सातशेच्या आसपास लागत होते, आणि वर्षं चार होती. आठशे रुपयांत पुष्पाचं एक वर्ष होणार आणि मग ती परत येणार. उलट तेवढ्याच आठशे रुपयांत तिचं लग्न व्यवस्थित होणार होतं, आणि तिचे मामा शंकरराव शेगावकडचं एक स्थळ खिशात घेऊनच हिंडत होते. त्यामुळे शेअर आठाचा असेल तर लग्न, आणि जास्तीचा असेल तर अमरावती, इतकं ते सरळ होतं. पुष्पा हे सगळं जाणून होती. जूनपासून ती निमूटपणे म्हशींच्या धारा काढत होती. आत्ताही ती चुलीपाशी बसून उगाचच एकच भांडं घासत होती.

पुडक्यात कंपनीचा छापील अहवालही होता. दरवर्षी तो टपालाने येई आणि सासूबाई तो न वाचता जपून ठेवत. मी तो उघडला, डिव्हिडंडची ओळ शोधली आणि पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. गेली तीन वर्षं कंपनीने एक पैसा वाटला नव्हता. त्याआधी शेअरमागे पन्नास पैसे मिळत. माणूस आपल्या पैशावर सहा टक्के मागतो. तेव्हा वर्षाला पन्नास पैसे देणारा कागद झाला आठ रुपये तेहतीस पैशांचा. वरचे तेहतीस पैसे तीन कोरड्या वर्षांपोटी कापले. उत्तर आले आठ. अर्जुनरावांनी आठ सांगितले आहेत हे मला आधीच कळलं होतं, आणि उत्तर आधी कळलेलं गणित मला नेहमीच सुटतं. पण त्या वेळी मला वाटलं ते एवढंच, की मी किती अचूक आहे.

"आठ," मी म्हणालो. "अर्जुनराव वाजवी देताहेत. देऊन टाका."

चुलीपाशी भांडं घासण्याचा आवाज थांबला.

सासूबाईंनी मान हलवली. मग साध्या आवाजात विचारलं, "मंग आठानं तुमी घेता का?"

"मी?" मला हसूच आलं. "मला काय करायचेत, मामी?"

"म्हंजे तुमचं आठ बी खरं नाई," त्या म्हणाल्या आणि पुडकं बांधायला लागल्या. गाठ मारता मारता थांबल्या. "अन् मले एक सांगा. ते कंपनी तीन साल झाले दूध देऊन नाई राह्यली. पन खाऊन तं राह्यली ना?"

"खाऊन म्हणजे?"

"कापूस. आमच्या गावच्या बैलबंड्या तिथंच जाऊन राह्यल्या. खाते अन् देत नाई, मंग जाते कुठी?"

मी त्यांना समजावलं की कंपनी आणि म्हैस यांत फरक असतो. हे मी वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो, म्हणजे जरा सावकाश.

"काऊन? दोघीईले खाऊ घाला लागते," सासूबाई म्हणाल्या. "अन् भाकड म्हैस इकाले मालक बजारोबजार हिंडते, जवाईबापू. घ्याले कोनी दारात येत नाई. अर्जुनराव तं जीप घेऊन आला."

आता सासूबाईंच्या म्हशींबद्दल सांगायला हवं. नांदुऱ्याच्या बाजारात म्हैस घ्यायची तर आसपासच्या गावांतले जाणते पुरुषसुद्धा झुंबरबाईंना सोबत नेत. विकणारा माणूस म्हशीची आदली धार तुंबवून ठेवतो, म्हणजे बाजारात तिची कास भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक फसतं. म्हणून झुंबरबाई बाजारात कधी सौदा करत नाहीत. मालकाच्या गोठ्यात जाऊन त्या तीन धारा पाहतात, संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ. तिसरी धार झाली की मगच भाव बोलतात. कोणी कितीही घाई केली तरी त्या दोन धारांवर बोललेल्या नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे.

"उद्या नांदुऱ्याले जाऊ," त्या मला म्हणाल्या. "तीन धारा पाहू. तुमी कागद-पेन्सील घ्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या बाजूने काही बोलेल अशी माझी वेडी आशा होती. ती म्हणाली, "मफलर घ्या, सकाळी थंडी असते."

शुक्रवारी दुपारच्या एस.टी.ने आम्ही नांदुऱ्याला पोचलो. रात्री सासूबाईंच्या मावसबहिणीकडे उतरायचं ठरलं होतं. कंपनीच्या फाटकासमोर चहाचं एक हॉटेल होतं. सासूबाई आत बसायला तयार होईनात, तिथून फाटक नीट दिसत नाही म्हणून. शेवटी आम्ही दोघं हॉटेलाबाहेरच्या बाकावर बसलो, त्या डोक्यावर पदर घेऊन आणि मी गळ्यात मफलर बांधून, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस मला विचारू लागला की मास्तर, इथे कसे. मी प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं.

संध्याकाळपर्यंत फाटकातून कापसाच्या चौसष्ट बंड्या आत गेल्या. मी रेघा मारत होतो. मला ती संख्या बरी वाटली आणि मी तसं म्हणालोही.

"आज शुक्रवार," सासूबाई म्हणाल्या. "उद्या कोनाले बजार, कोनाच्या घरी पाव्हने, म्हनून आजच समदे आले. हे तुंबलेली कास असंल. सकाळी पाहू."

शनिवारी सकाळी त्यांनी बंड्या मोजायचं काम माझ्यावर सोपवलं आणि स्वतः उठून फाटकाच्या आत गेल्या. तिथे अंगणात मंजुळाबाई नावाची एक बाई शेण गोळा करत होती. कापसाच्या बंड्या आत आपली पाळी येईपर्यंत उभ्या राहतात, बैल आपलं काम करतात, आणि त्या शेणाचा कंपनी दरवर्षी ठेका देते. मंजुळाबाई तो घेई आणि गवऱ्या थापून विकत असे. आमच्या सासूबाई तिच्याशी अर्धा तास बोलल्या. पाटीला हात लावून एकदा उचलूही लागल्या. मी बाकावरून हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, पाच वर्षांपूर्वी रुसलो नसतो तर निदान आज अशी शिक्षा झाली नसती.

परत येऊन त्या बाकावर बसल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "तीन साल पहिले शेनाचा ठेका होता चाळीस रुपये. मंग साठ. औंदा तिनं एकशेदहा देल्ले."

"कंपनीने वाढवला?"

"कंपनीले काय समजते शेनातलं. दुसऱ्या दोघी घ्याले आल्या होत्या, म्हनून हिनंच वाढवला. अन् एकशेदहा देऊन बी तिले परवडून राह्यलं."

मी लिहिलं. लिहिताना पेन्सील थांबली. ऑडिटरचा शिक्का असलेला अहवाल माझ्याकडे होता, आणि त्यात बंड्या वाढल्याचं मला दिसलं नव्हतं. म्हणजे ते त्यात नव्हतं असं नाही. मी पाहिलं नव्हतं. त्या थंडीत मफलरच्या आत मला जरा गरम व्हायला लागलं.

तिसऱ्या धारेला, म्हणजे शनिवारी संध्याकाळी, सासूबाईंनी सरळ आत जाऊन म्हशींसाठी एक पोतं सरकी मागितली. काट्यावरचा माणूस ओळखीचा निघाला. सरकी आहे, पण आताच नेऊन ठेवा, तो म्हणाला, होळीनंतर बाहेर सरकी विकणं बंद. का म्हणून विचारलं तर त्याने हनुवटीने मागच्या बाजूला खूण केली. तिथे पत्र्याची नवी, लांबलचक शेड उभी होती. शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन मोठी यंत्रं झाकून ठेवली होती. होळीपासून कंपनी सरकीचं तेल स्वतः काढणार होती आणि ढेपही स्वतः विकणार होती.

सासूबाईंनी ताडपत्रीचा कोपरा उचलून आत पाहिलं. म्हशीच्या पोटावर हात ठेवतात तसा एक हात त्यांनी त्या थंड लोखंडावर ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"गाभन हाय," त्या म्हणाल्या. "होळीले विते."

परतीच्या एस.टी.त त्या सरकीच्या पोत्यावर हात ठेवून डुलक्या घेत होत्या आणि मी अहवाल उघडून बसलो होतो. या वेळी मी डिव्हिडंडच्या ओळीपाशी थांबलो नाही. पुढची पानं वाचली. सगळं तिथेच होतं. तीन वर्षांत कंपनीला दरसाल सरासरी अकरा हजार नफा झाला होता आणि त्यातला एक पैसा न वाटता सगळा तिने गंगाजळीत टाकला होता. गंगाजळी झाली होती एक्कावन्न हजारांची. 'यंत्रे व बांधकाम, अपूर्ण' या नावाखाली एक्केचाळीस हजार पडले होते. ही ओळ मी गुरुवारी पाहिलीसुद्धा होती, आणि अपूर्ण आहे म्हणून सोडून दिली होती. स्टेशनजवळची तीन एकर जागा अजून शेचाळीस सालच्याच किमतीने लिहिलेली होती, नऊशे रुपये. दरवर्षी जुलैत मी मुलांना फळ्यावर लिहून देतो की वाटलेला नफा वेगळा आणि झालेला नफा वेगळा. माझी मुलं त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मी मात्र दूध पाहिलं आणि म्हैस पाहिलीच नाही, आणि त्यावर एका मुलीचं कॉलेज ठरवून मोकळा झालो होतो. मला माझी लाज वाटली, आणि ती तिळाच्या पोळ्यांच्या सुस्तीवर ढकलता येण्यासारखी नव्हती.

रविवारभर मी हिशेब केला. शेअर तीन हजार. भांडवल तीस हजार, गंगाजळी एक्कावन्न, मिळून एक्क्याऐंशी हजार. म्हणजे शेअरला सत्तावीस. दुसऱ्या बाजूने, शेअरमागे वर्षाचा नफा पावणेचारच्या आसपास. कापसाच्या धंद्यात पाऊस, भाव, आग असं सगळं असतं, म्हणून सहा नाही, बारा टक्के धरले, तरी किंमत साडेतीस येत होती. मी दोहोंतला कमी आकडा घेतला. स्टेशनजवळच्या जागेला हातच लावला नाही. म्हणजे कुठे थोडी चूक झाली तरी अंगावर यायला नको.

"सत्तावीस," मी सासूबाईंना सांगितलं. या वेळी वर्गातला आवाज काढला नाही.

"हाव," त्या म्हणाल्या. "म्याबी पंचवीस-तीसच धरले होते."

कशावरून धरले होते ते मी विचारलं नाही.

पुष्पाने मात्र विचारलं. पहिल्यांदाच ती चुलीपासून उठून बाहेर आली. "भाऊजी, सत्तावीस म्हंजे चार सालं होतात?"

"सत्तावीसशे. जवळजवळ चार होतात," मी म्हणालो. ती आत गेली आणि घासून घासून लख्ख झालेलं ते भांडं तिने फळीवर नेऊन ठेवलं.

सोमवारी अर्जुनराव आले. माणूस गोड बोलणारा होता आणि मनाने वाईट होता असंही मी म्हणणार नाही. होळीनंतर जे सगळ्यांना कळणार होतं ते त्यांना आधी कळलेलं होतं, एवढंच. त्यांनी नोटा काढल्या, फॉर्म काढला आणि चहाला चांगलं म्हटलं.

"वयनी, आठशे मोजून घ्या."

"शंभर नाई देत, भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "तीस देतो. सत्तावीसनं. पोरीच्या पयल्या सालाले तेवढे पुरतात."

अर्जुनरावांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हा आकडा तुमचा दिसते."

"आकडा माझा आहे," मी म्हणालो. "तपास त्यांचा."

"अहो, तीन साल झाले कंपनी पैसा देऊन नाई राह्यली."

"मंग तुमी भाकड म्हैस घ्याले दारात काऊन आले, भाऊ?" सासूबाईंनी अगदी आपुलकीने विचारलं.

अर्जुनराव हसले. मग बारा म्हणाले, आणि जीपपर्यंत जाऊन परत आले तेव्हा पंधरा म्हणाले. पण सगळे शंभर आणि आजच. पंधराशे रुपये त्यांनी ओसरीच्या कठड्यावर मांडून ठेवले. पंधराशे म्हणजे अमरावतीची दोन वर्षं, रोख. मी त्या नोटा पाहिल्या आणि माझा धीर सुटला. होळी पुढे होती, यंत्रं अजून ताडपत्रीखाली होती, आणि माझा आकडा कागदावर होता. मी सासूबाईंच्या कानाशी लागून म्हणालोसुद्धा की मामी, पंधरा काही वाईट नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "गाभन म्हैस एकडाव इकली, भाऊ," त्या अर्जुनरावांना म्हणाल्या. "आता नाई इकत. तीस न्याचे तं न्या."

अर्जुनरावांना सगळे हवे होते, तीस नको होते. त्यांनी नोटा उचलल्या, कोरा फॉर्म कठड्यावरच राहू दिला, सासूबाईंना नमस्कार केला आणि ते गेले. जीपचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत राहिला. पुष्पा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. शेअर घरात होते, सत्तावीसचे होते, आणि तरी जूनमध्ये अमरावतीला भरायला एक पैसा नव्हता. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं मला दिसत होतं. शंकरराव मामांना आता शेगावच्या स्थळाला पत्र पाठवायला हरकत नव्हती.

सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "सत्तावीस खरं ना, जवाईबापू?"

"खरं."

"घरात बोलाले खरं, का बजारात बी खरं?"

मला पुढचा प्रश्न ऐकू येत होता. गुरुवारी त्यांनी तो विचारला तेव्हा मी हसलो होतो.

"मंग सत्तावीसनं तुमी घेता का?"

पोस्टात माझे सहाशे नव्वद रुपये होते. रेडिओ घेऊन उरलेल्यात घराचं छत दुरुस्त करायचं असं पाच वर्षं चाललं होतं. मी सत्यभामेकडे पाहिलं. ती म्हणाली, "रेडिओ काही पळून नाही जात." मी डोळे मिटून पुन्हा एकदा सगळी बेरीज केली. एक्क्याऐंशी हजार भागिले तीन हजार. तेच उत्तर आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उत्तराला माझे पैसे लागत होते, आणि सांगतो, सत्तावीस हा आकडा त्या दिवशी मला फार मोठा वाटला.

"घेतो," मी म्हणालो. "तीस घेतो. तीस गुणिले सत्तावीस, आठशे दहा. पण माझ्याकडे सहाशे नव्वदच आहेत. एकशे वीस कमी पडतात."

सासूबाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"हे द्या," त्या म्हणाल्या.

मी घड्याळ सोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाला लावून पाहिलं. चालू होतं. "जुनं झालं, मामी," मी म्हणालो. "एकशे वीस कोणी देणार नाही."

"याची किंमत मले मालूम हाय," सासूबाई म्हणाल्या. "हे आलं त्या साली आमची चंद्री गाभन होती. पाचवा महिना. तुमचे सासरे म्हने, जवाई रुसला, उद्याच्या उद्या इका लागते. गाभन म्हैस पावनेदोनशेले गेली. घेनाऱ्याले मी सांगतलंबी नाई, सांगूनबी त्यानं तेवढेच देल्ले असते. लगनघर पाह्यलं का समदेच भाव पाडतात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या म्हशीचं वर्णन सांगावं तसं त्या सांगत होत्या. "चंद्रीच्या पोटची वगार औंदा घेनाराच्या घरी पयल्यांदा व्याली. एकशे वीसले हे महाग नाई, जवाईबापू."

पाच वर्षांत त्या एकदाही हे बोलल्या नव्हत्या. दर दिवाळीला मी ते घड्याळ मनगटावर बांधून त्यांच्या पाटावर बसलो होतो आणि त्यांनी मला वाढलं होतं. माझ्या शिक्षणाचा मला फारसा अभिमान वाटेनासा झाला तो त्याच दिवसापासून.

सासूबाईंनी पुष्पाला हाक मारली. तिचा हात ओढून घेतला, बांगड्या वर सारल्या आणि घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा तिच्या हाताला मोठा होत होता. शेवटच्या भोकातही ते सैलच राहिलं.

"होस्टेलात टायमाले जेवाले जाय," त्या तिला म्हणाल्या.

पुष्पा रडायला लागली. माझी बायकोही लागली. मी उठून फॉर्म भरायला घेतला, कारण ते एक काम मला बिनचूक येतं. घेणाऱ्याच्या नावापुढे मी माझं नाव लिहिलं, खोडलं, आणि सत्यभामेचं लिहिलं. सासूबाईंनी पदर सावरून, एकेक अक्षर जोडत, आपली सही केली. मग त्यांनी कागद वाळायला धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता जेवाले बसता ना, जवाईबापू? का अजून रुसले?"